रंगनाथच्या मोटरीत दोष नव्हता

रंगनाथ, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुजाताने मला बोलायला उभं केलं. पांढऱ्या कापडावर बुद्धाची तसबीर, शेजारी तुझा फोटो, समोर तीस-चाळीस माणसं. मी बोललो. हुशार कारागीर होता म्हणालो, शब्दाचा पक्का होता म्हणालो, आमच्या ग्लायडिंग क्लबासाठी त्याने जे केलं ते एखाद्या शिकलेल्या इंजिनिअरनेही केलं नसतं म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. जे सांगायला मी आलो होतो तेवढं मात्र पोटातच राहिलं.

खाली बसलो तेव्हा सुजाता चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "काका, बाबांची ती विमानाची मोटर मी उघडलीय."

"कशाला?"

"त्यांना चूक सापडली नाही ना. शेवटपर्यंत म्हणायचे, कुठंतरी माझंच काहीतरी राहिलं. आता मी शोधते."

तुझी मुलगी, तुझं वायंडिंगचं दुकान एकटीने चालवणारी, अशी चूक शोधायला बसली आहे जी मोटरीत नाहीच. हे मला सहा वर्षं ठाऊक आहे. तुला सांगितलं नाही. तू गेलास. आता तिलाही शोधत बसू दिलं तर मी कोण ठरतो, याचा विचार करत त्या दिवशी घरी आलो.

म्हणून हे लिहितो आहे. काही गोष्टी तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना लागतील.

ग्लायडरला इंजिन नसतं. जमिनीवरचा विंच त्याला दोराने हजारभर फूट वर ओढतो, मग दोर सोडायचा, आणि तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधून तिच्यात घिरट्या घालत उंची मिळवायची. हवा मिळाली नाही तर जवळच्या शेतात उतरायचं आणि माणसं ट्रॉली घेऊन येईपर्यंत गावकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसायचं. परदेशात काही जण यावर उपाय म्हणून ग्लायडरला लहानशी मोटर बसवतात, असं मी एका जुन्या मासिकात वाचलं होतं. त्यात बॅटरीवर चालणाऱ्या मोटरीबद्दल जेमतेम चार ओळी होत्या. ही मोटर जमिनीवरून उडवायला नसते. हवा संपली की खाली जाऊ द्यायचं नाही आणि घरच्या मैदानापर्यंत आणायचं, एवढंच तिचं काम.

तो कागद घेऊन मी तुझ्या दुकानात आलो, तेव्हा तू कुणाच्या तरी विहिरीवरच्या पंपाची जळालेली मोटर उकलत होतास. ऐकून घेतलंस, हाताचं वार्निश चिंधीला पुसलंस आणि म्हणालास, "म्हंजी टेकू. घर न्हाई बांधायचं. पडाय आलेल्या भिंतीला टेकू द्यायचा."

त्या दिवसापासून क्लबात सगळे त्या यंत्राला टेकूच म्हणू लागले.

दोन वर्षं लागली आपल्याला. लष्करी भंगाराच्या लिलावातून आलेली डीसी मोटर तू पूर्ण उकलून नव्याने भरलीस. निकेल-कॅडमियमच्या प्रत्येक सेलवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलास आणि कुठला सेल कधी बसतो याची वही ठेवलीस. लाईट जायच्या वेळा तुला तोंडपाठ होत्या, चार्जिंग त्या सांभाळून चालायचं. संगमनेरच्या सुताराकडून आपण सागाची पाती करून आणली, मोटर बंद असली की मिटून नाकाला चिकटणारी. पहिल्यांदा मैदानावर ग्लायडर लिंबाच्या झाडाला बांधून चालवलं तेव्हा मोटर आठ मिनिटं चालली. धूळ शेडपर्यंत गेली. तू घड्याळाकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. आयुष्यात एवढ्या आनंदाची आठ मिनिटं मला फार वेळा मिळालेली नाहीत, आणि ती तू दिलीस.

वादही तितकेच घातले. माझं म्हणणं, टेकूमुळे पायलट आळशी होतो, हवा वाचायची शिस्त जाते.

"सर, लोकाच्या शेतात उतरनं ही मर्दुमकी हाय का?"

"मर्दुमकी नाही, शिस्त आहे."

"मग वाचा की हवा. पन घरी बाई वाट बघत बसती, तिला काय सांगता? हवा वाचीत हुतो?"

यावर मी आवाज चढवायचो. तू चढवायचा नाहीस. त्यामुळे वाद कधी मिटायचाच नाही.

आता त्या एका भागाबद्दल. मोटरीला एवढा करंट लागतो की साध्या बटणाने भागत नाही. म्हणून तू मध्ये कॉन्टॅक्टर बसवलास. पायलटने लहान बटण दाबायचं, आतली कॉइल ओढते, तांब्याचे दोन तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात, खट असा आवाज येतो आणि मोटर फिरते. त्या तुकड्यांवर काही पडू नये म्हणून बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून तू झाकण केलंस आणि चार स्क्रूंनी बसवलंस.

मग खंडेनवमी आली. क्लबात दरवर्षी विंच, ट्रॉली, हत्यारं, ग्लायडर, सगळ्यांची पूजा व्हायची. तुझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून तुमच्या घरातून हे सगळं गेलं, हे सगळ्यांना माहीत होतं. तू आमच्या पूजेला कधी नावं ठेवली नाहीस. त्या दिवशी दुपारी निघताना मला बाजूला घेऊन एवढंच म्हणालास, "तुमची पूजा तुमी करा सर. माझं म्हननं एकच, झाकन काढू नका. काय लावायचं ते झाकनावर लावा."

"बरं."

"आन् उद्या मी न्हाई. उद्या विहारात कार्यक्रम हाय आमचा, माईक-लाईट माझ्याकडंच असतं. परवा सकाळी येतो, एकदा सगळं बघतो, मग उडवा."

"बरं," मी पुन्हा म्हणालो. दोनदा शब्द दिला.

तुझी सायकल फाटकाबाहेर गेली आणि क्लबाचे अध्यक्ष म्हणाले, "परवा कशाला? सीमोल्लंघन दसऱ्याला करायचं का एकादशीला? उद्याच हद्द ओलांडू." सगळे हसले. मीही हसलो. मैदानापासून लांब जाऊन टेकूच्या जोरावर परत यायचं हेच तर आमचं सीमोल्लंघन होतं, आणि ते करणारा पायलट मी होतो. मला तो मुहूर्त हवा होता.

पूजेला बसलो तेव्हा मी झाकणावर कुंकवाचं बोट टेकलं. अध्यक्ष म्हणाले, "सदऱ्याला आंघोळ घालता का हो तुम्ही? मूळ यंत्राला लावा."

चारही स्क्रू मी स्वतः काढले, रंगनाथ. दुसऱ्या कुणी नाही. कॉन्टॅक्टरला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, ओल्या अक्षता टाकल्या. आरती झाल्यावर फूल उचललं, एक फुंकर मारली आणि झाकण बसवलं. तीस वर्षं मुलांना ग्लायडिंग शिकवणाऱ्या माणसाची तपासणी म्हणजे ती एक फुंकर.

दसऱ्याला दुपारी मी एकटा वर गेलो. हवा छान होती. घिरट्या घेत पूर्वेला पाथर्डीच्या अंगाला सरकत राहिलो, मैदान मागे दिसेनासं झालं. साडेतीनच्या सुमाराला आभाळ मेलं. कुठेच काही उचलत नव्हतं. परत वळलो तेव्हा दोन हजार फुटांवर होतो आणि मैदान त्या उंचीवरून गाठण्यापलीकडे होतं.

तुझा नियम होता, आधी शेत निवडा, मग बटन दाबा, आन् दोनदा दाबून न्हाई चाललं तर मोटर इसरा. मी शेत निवडलं, बाजरी काढून मोकळं झालेलं, लांब, सपाट. बाराशे फुटांवर बटण दाबलं. आवाज आला. मोटर फिरली नाही. पुन्हा दाबलं. आवाज पुन्हा आला, पण फटीत फडकं अडकलेलं दार लावावं तसा. तिथे मोटर विसरायला हवी होती. मी सहा वेळा, सात वेळा दाबलं. तिकडे मैदानावर अध्यक्ष वाट बघत होते, हार तयार होता, हेच डोक्यात. बटणाकडे बघत राहिलो आणि मान वर केली तेव्हा तीनशे फूट उरले होते आणि निवडलेलं शेत पंखाखालून मागे गेलं होतं.

समोर जे आलं त्यात उतरलो. मध्ये बांध होता. चाक बांधाला लागलं, नाक बांधावर चढून राहिलं, मागे शेपटी मोडल्याचा आवाज आला आणि माझं डावं मनगट गेलं.

धुळीतून एक जण धावत आला. डोक्याला पटका, हातात खुरपं.

"कोन हाय आत? जित्ता हाय का?"

"आहे."

"मंग भाईर या की. का तितंच ऱ्हायचा इचार हाय?" मला हाताला धरून बाहेर काढलं, विमानाभोवती एक चक्कर मारली. "इंजान न्हाई व्हय याला?"

"आहे. चाललं नाही."

"काल पूजा केली न्हवती का?"

"केली होती," मी म्हणालो.

"मंग ओ?" तो म्हणाला, आणि माझ्यासाठी पाणी आणायला वस्तीकडे गेला.

तेवढ्या वेळात मी सीटमागचं दार उघडलं आणि आठ आण्याच्या नाण्याने झाकणाचे स्क्रू फिरवले. तांब्याच्या दोन तुकड्यांच्या मध्ये तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने लाल, चेपून तांब्याला चिकटलेला. नखाने खरवडून काढला. पाती मोकळी होती, समोर कुणी नव्हतं. मी बटण दाबलं. मोटर गरकन फिरली, पाती उघडली. लगेच बोट काढलं. एक सेकंद, फार तर. दाणा कुठे टाकला आठवत नाही. झाकण पुन्हा बसवलं, चारही स्क्रू आवळले, आणि पाणी घेऊन तो माणूस परत आला तेव्हा मी बांधावर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी तू दवाखान्यात आलास. मोटरीचं आधी विचारलं नाहीस. प्लास्टर बघितलंस, बोटं हलवून दाखवायला लावलीस. परवापर्यंत का थांबला नाहीत असंही विचारलं नाहीस. मग खाटेच्या कडेला बसून म्हणालास, "सर, खट आला हुता?"

"आला होता."

"कोरडा का बोथट?"

तू हे का विचारतोयस ते मला पक्कं ठाऊक होतं. कोरडा म्हणजे कॉन्टॅक्ट नीट बसला, दोष पुढे मोटरीत. बोथट म्हणजे कॉन्टॅक्टरमध्ये काहीतरी आलं. बोथट म्हणालो असतो तर तू तिथल्या तिथे उठून झाकण काढलं असतंस, तांब्यावरचा लाल डाग बघितला असतास आणि सगळं समजला असतास.

"कोरडा," मी म्हणालो.

"मंग माझंच हाय काय तरी," म्हणालास आणि माझी उशी सारखी केलीस.

का बोललो तसं? तुला दिलेला शब्द मोडला होता, तुझा नियम मोडला होता, क्लबाच्या दोन ग्लायडरांपैकी एक मोडलं होतं. हे सगळं माझ्यावर आलं असतं, शिकवायचं काम गेलं असतं. पण त्याहून खोल एक गोष्ट आहे आणि ती लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. पूजेच्या अक्षतेने विमान पाडलं असं त्या माणसांसमोर म्हणायला छाती लागली असती. दोष तुझ्या माथी जायला काहीच लागत नव्हतं. मी गप्प बसलो की तो आपोआप तिकडे जात होता.

आणि गेला. क्लबाच्या वहीत मी उजव्या हाताने लिहिलं, "मोटरीत अंतर्गत दोष असल्याने चालू झाली नाही." बैठकीत कुणीतरी म्हणालं, "पूजेला हात लावला नाही, ऐन दसऱ्याला आला नाही. मग दुसरं काय होणार?" बाकीचे हं म्हणाले. मी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन तिथेच बसलो होतो. झाकण मी काढलं, एवढे तीन शब्द पुरे होते. टेकूचं काम त्या बैठकीत बंद झालं.

कॉन्टॅक्टर मी भंगारात दिला. मोटर तेवढी टेम्पोतून तुझ्या दुकानी आली. तू ती उकललीस, भरलीस, पुन्हा उकललीस. दर वेळी घरी येऊन सांगायचास. "कम्युटेटर घासला सर. ब्रशची स्प्रिंग बदलली. आता तर गुमान चालती. मग तवाच का न्हाई चालली?"

"नशीब असतं एकेकाचं," मी म्हणालो एकदा.

"तारेला नशीब नसतं सर."

पंप घेऊन येणारे शेतकरी तुला चिडवायचे, आमची मोटर पाण्यात ऱ्हाती बाबा, हवेत न्हेऊ नको. तू हसायचास. मला ते हसणं ऐकवत नसे, म्हणून मी दुकानावरून जायचा रस्ता बदलला.

एकदा मात्र सांगायचं ठरवूनच आलो होतो. तू वेढे मोजत होतास, हाताने थांबा म्हणालास. मी दारात थांबलो. मोजून झालं, वर बघितलंस. "बोला सर."

"घरचा मिक्सर फार आवाज करतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तू मिक्सर नेलास, संध्याकाळी घरपोच केलास आणि म्हणालास, याला काही झालेलं नाही. खरंच काही झालेलं नव्हतं. तू जाताना एक क्षण रेंगाळलास. मी आत निघून गेलो. तुला काही कळलं होतं का, हे आता मला कधीच कळणार नाही.

कार्यक्रमानंतर चार दिवसांनी मी दुकानात गेलो. मोटर टेबलावर उघडी होती. सुजाता टेस्ट लॅम्पच्या दोन तारा मोटरीच्या फिरत्या गाभ्याच्या, आर्मेचरच्या, एकेका पट्टीवर टेकवत होती.

"सुजाता, ते राहू दे. त्यात काही नाही."

उभ्यानेच सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे त्याच क्रमाने. ती तारा हातात धरून ऐकत राहिली.

"झाकण कुणी काढलं?"

"मी."

"बाबांनी नको म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं."

"आणि शेतात मोटर फिरली?"

"फिरली. एक सेकंद."

"एक सेकंद," ती म्हणाली. तारा खाली ठेवल्या. "तीनदा उकलली त्यांनी काका. तिसऱ्या वेळेला त्यांना दिसत नव्हतं, तार मी ओवत होते. तुम्ही घरी आला होता तेव्हा. खुर्चीवर बसून चहा घेतला होता."

"हो."

"बाबांना सांगितलं असतंत ना, तर ते हसले असते. तांदळाच्या दाण्याने पडलं म्हणून आठवडाभर हसले असते. मी नाही हसणार."

मी म्हणालो, मी लिहितो आहे, छापायला देणार आहे. वहीतल्या त्या ओळीखाली कालच नवी ओळ लिहिली आहे, सहीनिशी.

"छापा. पण छापलेलं कोण वाचतंय? ज्यांच्यासमोर तुम्ही गप्प बसलात त्यांना वाचून दाखवा."

"सगळे नसतील आता. अध्यक्ष थकलेत, घराबाहेर पडत नाहीत."

"त्यांना मी जीपने आणते."

मी हो म्हणालो. तिने आर्मेचर उचललं, फुंकलं नाही, स्वच्छ कापडाने पुसलं आणि बसवायला घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा. चहा सांगते." मी बसलो नाही.

रंगनाथ, आपल्या वादात तुझंच खरं होतं असं आज कबूल करून मोकळं व्हायचा मोह होतोय. पण तू ते चालू दिलं नसतंस. म्हणाला असतास, पटलंय म्हनून म्हनताय का सुटायचंय म्हनून? मला खरंच सांगता येत नाही. एवढं सांगतो की मला सुखरूप घरी आणण्यासाठी ज्याने दोन वर्षं घातली, त्याच्याबद्दल मी सहा वर्षं खोटं टिकवलं, आणि त्या सहा वर्षांत तू मला एकदाही परकं केलं नाहीस.

रविवारी सकाळी क्लबाच्या शेडमध्ये सगळे जमणार आहेत. तू मोटर बांधलीस ते टेबल बाहेर काढलंय, त्याच्यामागे उभं राहून मी हे वाचायचं आहे. सुजाताने याची एक प्रत आधीच मागून घेतली. काल पूर्ण वाचून झाल्यावर तिचा फोन आला होता.

"मी पहिल्या रांगेत बसते काका," म्हणाली. "मध्येच अडलात तर खाली बसू नका. उभेच राहा. पुढचं मी वाचीन."